मलावीतल्या शाळेवर सौर वीज: वर्गणीच्या आधीचा आणि नंतरचा हिशेब

दक्षिण मलावीत झोम्बा जिल्ह्यातल्या एका माध्यमिक शाळेवर सौर वीज बसवण्यासाठी ब्रिटनमधल्या आम्ही काही मराठी कुटुंबांनी वर्गणी जमवली. हिशेब आणि तांत्रिक बाजू माझ्याकडे होती. असं काम हाती घेणाऱ्यांना उपयोग होईल म्हणून तपशिलात लिहितो.

पैसे मागण्याआधी तीन गोष्टींची खात्री करावी लागते. पहिली, परवानगी. तिथे माध्यमिक शाळा विभागीय शिक्षण कार्यालयाखाली येतात, प्राथमिक शाळा जिल्हा कार्यालयाखाली. मुख्याध्यापकांचं पत्र पुरत नाही, वरचं पत्र हवं. दुसरी, सरकारी लाइन कधी येणार? मलावीत ग्रामीण विद्युतीकरणाची सरकारी योजना आहे. दोन वर्षांत खांब येणार असतील तर ग्रिडलाही जोडता येईल असा हायब्रिड इन्व्हर्टर घ्यायचा. तिसरी, छप्पर. पत्र्याखालच्या वाशांना वाळवी असते. एक पॅनेल २२-२४ किलोचं, शिवाय वाऱ्याची ओढ वेगळी. वाशात खिळा ठोकून पाहायला सांगा. तो सहज आत गेला तर आधी वासे बदलण्याचा खर्च धरा. 

मग विजेची गरज. ही बेरीज चुकली की मागितलेली रक्कमही चुकते. चार वर्गांत प्रत्येकी चार १० वॅटचे एलईडी, तीन तास: ४८० वॅट-तास. शिक्षकांच्या खोलीत दोन दिवे: ६०. बाहेरचे दोन दिवे रात्रभर, म्हणजे ११ तास: २२०. चार लॅपटॉप, ४५ वॅट, तीन तास: ५४०. दहा मोबाइल: १५०. एकूण १,४५० आणि इन्व्हर्टरमधली घट धरून १,७००. एवढ्याला ५०० वॅटची पॅनेल पुरतात, असं कागदावर दिसतं.

पण यात इन्व्हर्टरची स्वतःची भूक धरलेली नाही. ३ केव्हीएचा इन्व्हर्टर एकही दिवा लागलेला नसताना ४० वॅट तरी खातो. २४ तासांचे ९६० झाले, म्हणजे शाळेच्या गरजेच्या निम्म्याहून जास्त! बॅटरी पहाटे संपते आणि कुणाला कारण कळत नाही, त्याचं हे सर्वांत नेहमीचं कारण. आम्ही बाहेरचे दिवे स्वतःची बॅटरी असलेले, स्वतंत्र सौर दिवे घेतले. इन्व्हर्टर सकाळी ७ ला चालू आणि रात्री ९ ला बंद, हे काम एका शिक्षकाकडे नेमून दिलं. बाहेरचे दिवे वगळून आणि इन्व्हर्टरची भूक १४ तासांपुरती धरून रोजची गरज २,००० वॅट-तासांवर आली.

बॅटरी ५१.२ व्होल्ट, १०० अँपिअर-तासांची लिथियम आयर्न फॉस्फेट घेतली. ५.१२ किलोवॅट-तासांपैकी ८० टक्के वापरायचे म्हणजे सुमारे ४.१, दोन दिवसांची बेगमी. पॅनेल ४५० वॅटची चार. मोकळ्या आकाशात ती गरजेच्या तिप्पट वीज देतात, म्हणून काहींना ही उधळपट्टी वाटली. पण जानेवारी-फेब्रुवारीत तिथे पावसाळा असतो आणि दाट ढगांच्या दिवशी वीज तिसऱ्या हिश्श्यावर येते. बरोबर तेव्हाच ही चार पॅनेल २,००० वॅट-तास भरून काढतात. आज संचात पॅनेल हा सर्वांत स्वस्त भाग आहे, काटकसर तिथे करू नये.

माल इथून पाठवण्याचा मोह टाळा. मलावीला समुद्र नाही. कंटेनर मोझांबिकमधल्या बेइरा किंवा नकाला बंदरात, नाहीतर टांझानियातल्या दार-ए-सलाममध्ये उतरतो आणि पुढे रस्त्याने किंवा रेल्वेने जातो. त्यात लिथियम बॅटरी धोकादायक माल म्हणून जाते, तिची कागदपत्रं वेगळी. ब्लँटायर या मलावीतल्या शहरातल्या व्यापाऱ्याकडून घेतली तर वॉरंटी मागायला माणूस जवळ असतो. मात्र माल टेपने मोजून घ्यायचा. चांगलं पॅनेल एका चौरस मीटरला २०० वॅटच्या आसपास देतं. लेबलवर ४५० आणि क्षेत्रफळ दीड चौरस मीटर असेल तर लेबल खोटं आहे. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची वायरही बाजारात असते. तार चाकूने खरवडली की आतली चांदीसारखी चकाकी दिसते.

मी स्वतः ज्यावर अडून बसलो ती गोष्ट म्हणजे १२ व्होल्टचे दिवे नकोत. आलेल्या एका अंदाजपत्रकात ते होते, कारण स्वस्त. २० मीटर लांब, अडीच चौरस मिलिमीटरच्या वायरीतून १० अँपिअर नेले तर जवळजवळ २.८ व्होल्ट वायरीतच जिरतात. शेवटच्या वर्गात दिवे मिणमिणतात. तेच १२० वॅट २३० व्होल्टवर अर्ध्या अँपिअरमध्ये जातात आणि घट जाणवतसुद्धा नाही.

बसवताना दिशेचा घोळ इथल्या सवयीमुळे होतो. आपल्याकडे पॅनेल दक्षिणेकडे कलती करतात. झोम्बा विषुववृत्ताच्या दक्षिणेला, साधारण १५ अंशांवर आहे, म्हणून तिथे ती उत्तरेकडे हवीत, कल १५ अंश. तिथे विजा फार पडतात, म्हणून पॅनेलच्या चौकटींना अर्थिंग आणि डीसी बाजूला, म्हणजे पॅनेलकडून येणाऱ्या वायरींवर, सर्ज अरेस्टर (विजेचा अचानक आलेला लोंढा जमिनीत वळवणारा भाग) लागतोच. चोरी होऊ नये म्हणून नटबोल्ट वेल्ड केले, प्रत्येक पॅनेलच्या मागे शाळेचं नाव रंगवलं आणि बॅटरी लोखंडी पिंजऱ्यात ठेवली. प्लगच्या लाइनवर ४ अँपिअरचा एमसीबी (जादा भार आला की आपोआप वीज तोडणारा स्विच) टाकला. वीज आली की कुणीतरी इस्त्री आणतं. १,५०० वॅटची इस्त्री तासभर चालली तर वापरण्याजोग्या बॅटरीचा तिसरा हिस्सा गेला. हा एमसीबी काही मिनिटांत पडतो, वाद घालावा लागत नाही.

आता पैसे. आमचं लक्ष्य ५,५०० पौंड होतं. आम्ही स्वतः संस्था न काढता एका नोंदणीकृत धर्मादाय संस्थेमार्फत काम केलं. ब्रिटनमध्ये करदात्याने गिफ्ट एडचा (देणगीवर भरलेला कर सरकार संस्थेला देतं, त्या योजनेचा) जाहीरनामा भरून दिला तर १० पौंडांचे साडेबारा होतात. दिवाळीच्या जेवणाच्या तिकिटांवर किंवा रॅफलवर ते मिळत नाही, कारण ती देणगी नसते. त्यामुळे तिकीट खर्चापुरतं ठेवा आणि देणगीचा फॉर्म वेगळा द्या. आवाहनात एक वाक्य विसरू नका: रक्कम कमी पडली किंवा उरली तर ती त्याच भागातल्या दुसऱ्या शाळेच्या विजेसाठी वापरू. हे न लिहिता ठरावीक शाळेच्या नावाने जमवलेला पैसा दुसरीकडे वळवताना कायद्याची अडचण येते. पुण्या-मुंबईचे नातेवाईक ८०जी, म्हणजे देणगीवरची भारतातली आयकर सवलत, विचारतात. परदेशी संस्थेला दिलेल्या देणगीवर ती सवलत नाही, हे आधीच स्पष्ट सांगावं.

लोक पॅनेलसाठी आनंदाने देतात, दुसऱ्या बॅटरीसाठी देत नाहीत. म्हणून आम्ही ५,५०० मधले ९०० पौंड पहिल्या दिवसापासून दुरुस्ती निधी म्हणून दाखवले. पाच-सात वर्षांत इन्व्हर्टर आणि आठ-दहा वर्षांत बॅटरी बदलावी लागणार, हे आवाहनातच लिहिलं. काहींनी विचारलं, हे पैसे लगेच शाळेला का देत नाही? तिथल्या चलनामुळे. नोव्हेंबर २०२३ मध्ये क्वाचाचं अवमूल्यन झालं, डॉलरला सुमारे १,१८० क्वाचा होते ते १,७०० झाले. इन्व्हर्टर आयात होतो, त्याची किंमत डॉलरमागे धावते आणि क्वाचात साठवलेला निधी वितळतो. मोठा निधी पौंडात, संस्थेच्या वेगळ्या खात्यात ठेवला. मोबाइल चार्जिंगचे जमलेले पैसे शाळेच्या समितीकडे, दोन सह्यांच्या खात्यात. त्यातून दिवे, फ्यूज आणि वायरमनची फेरी भागते.

दर शुक्रवारी संध्याकाळी ५ ला इन्व्हर्टरच्या पडद्याचा फोटो व्हॉट्सॲपवर येतो आणि तोच आकडा तिथल्या वहीत लिहिला जातो. कोरड्या ऋतूत बॅटरी त्या वेळी ९५ टक्क्यांच्या खाली दिसली तर आधी पॅनेल पुसायची. पुढच्या शुक्रवारीही तसंच असेल तर ब्लँटायरचा वायरमन पाठवायचा.