खिडकीतली पाचर

नगरला दादाकडे गेलं की दुपारची झोप माजघरातल्या खिडकीखालीच. परवा मात्र झोप लागली नाही, कारण त्याच खिडकीला रंग द्यायला माणूस आला होता. त्याने पटाशीने चौकटीच्या फटीतून कागदाची एक चेपलेली घडी उचकटली आणि माझ्या उशाशी टाकली. "कचरा आहे ताई."

कचरा कसला, आमच्या आईची पाचर ती!

नगरच्या माणसाला पाचर समजावून सांगावी लागत नाही. (कागदोपत्री आता अहिल्यानगर, पण एसटीच्या कंडक्टरलासुद्धा 'एक नगर' म्हटलं की कळतं.) तिकडे खारे कर्जुन्याच्या बाजूला लष्कराच्या रेंजवर रणगाड्यांचं फायरिंग सुरू झालं की इकडे तावदानं थडथडायची, मांडणीवरची फुलपात्रं एकमेकांना चिकटून किणकिणायची आणि पाळण्यातलं पोर मात्र ढिम्म झोपलेलं असायचं. पुण्याला सासरी आल्यावर पहिले कित्येक महिने मला घर मुकं वाटायचं. आता तर काय, सरकत्या खिडक्या. वाजायचं नाव नाही.

तर पाचर. तिच्याबद्दल आईची मतं ठाम होती. वर्तमानपत्र चालत नाही, पावसाळ्यात मऊ पडतं. लग्नपत्रिका नको, जाड असते, आणखीच खडखडते. उत्तम म्हणजे आंतर्देशीय पत्र. ते उभं दुमडायचं, आडवं दुमडायचं, पुन्हा दुमडायचं आणि उलथन्याच्या दांड्याने फटीत ढकलायचं. उत्तर लिहून झालेलं पत्रच फक्त पाचरीला जायचं. उत्तर राहिलेली सगळी तारेला टोचलेली.

मी घडी उलगडली. कागद घड्यांवर फाटत होता. सांगलीच्या मावशीचं अक्षर, नोव्हेंबर १९७१. वर पाच पैशांचं एक जादा तिकीट. तिकीट कुटुंबनियोजनाचं, आणि त्यावर छापलेलं 'रेफ्यूजी रिलीफ'. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांसाठी १५ नोव्हेंबरपासून टपालावर पाच पैसे जास्त बसायला लागले होते, त्याचं ते तिकीट. घाईत नवं छापायला सवड नव्हती, म्हणून होतं त्यावरच शिक्का मारला. छोट्या कुटुंबाचा प्रचार करणाऱ्या तिकिटावर एक कोटी माणसांचा भार!

मावशीने मात्र पाच पैशांची चांगली वसुली केली होती. चारी बाजूंना, गोंदाच्या पट्टीपर्यंत मजकूर. तिच्या जावेचं बाळंतपण, हळदीचा भाव, आणि मग: 'तुमच्याकडे मिलिटरी आहे म्हणून विचारते, नगरावर बाँब पडेल का ग? नसेल पडणार तर मुलांना घेऊन दोन दिवस यावं म्हणते. दिवाळीच्या फराळाचे डबे परत पाठव, दोन्ही.'

मावशी आली नाही. ३ डिसेंबरला, शुक्रवारी संध्याकाळी आपल्या विमानतळांवर हल्ले झाले आणि युद्ध सुरू झालं. आमच्याकडे त्याचा अर्थ, तावदानांना काळा कागद. खळ आईने केली, चिकटवलं दादाने आणि मी, त्यामुळे कोपरे सुटत होते. गल्लीतली मोठी मुलं 'लाइट बंद करा' ओरडत फिरायची. त्यांना इतकी सत्ता पुन्हा कधी मिळाली नसेल. अण्णा रेडिओला कान लावून, मांडीवर दादाचा शाळेतला नकाशा. एक दिवस ते म्हणाले, अमेरिकेचं सातवं आरमार बंगालच्या उपसागराकडे निघालंय. मला काळजी लागली ती बाकीची सहा कुठे असतील याची. विचारलं, तर पाठीत धपाटा मिळाला.

आणि एक गोष्ट आठवते ती अशी, की खिडक्या वाजायच्या थांबल्या. ऐन युद्धात नगर गप्प! खरंच रेंज बंद होती की मीच तशी आठवण धरून बसले आहे, देव जाणे. पण आईचं वाक्य पक्कं आठवतं. फुलपात्रं पुसता पुसता म्हणाली, "गेले वाटतं सगळे."

कोण गेले, हे विचारायचं मला सुचलं नाही. ते कळलं पुष्कळ वर्षांनी, पाहुण्यांना रणगाड्यांचं संग्रहालय दाखवून आले आणि मग वाचायला घेतलं तेव्हा. जून १९७१ मध्ये पूना हॉर्स या रणगाड्यांच्या रेजिमेंटमध्ये दाखल झालेला एक सेकंड लेफ्टनंट, अरुण खेत्रपाल, त्या वर्षी आमच्या नगरात तरुण अधिकाऱ्यांचा कोर्स करत होता. जन्म पुण्याचा. युद्धाची चिन्हं दिसली, कोर्स अर्धा राहिला, रेजिमेंटकडे बोलावणं आलं. निघताना सामानात गोल्फच्या काठ्या घेतल्या म्हणतात, लाहोरला खेळायला. १६ डिसेंबरला बसंतरच्या लढाईत रणगाडा पेटला. बाहेर पड, असा हुकूम आला, तो त्याने मानला नाही, कारण तोफ अजून चालत होती. एकविसावं पूर्ण होऊन दोन महिने झाले होते. परमवीर चक्र मरणोत्तर. त्याचा तो 'फामागुस्ता' नावाचा रणगाडा पुढे दुरुस्त होऊन नगरलाच आला.

त्याच दुपारी ढाक्याला शरणागती झाली. संध्याकाळी आमच्या गल्लीत पेढे वाटले. मी तीन खाल्ले.

तो ज्या वेळी रेंजवर शिकत होता, त्या वेळी त्याच्या तोफेने आमची खिडकी वाजली असेल. आई वैतागून पाचर शोधायला उठली असेल. ही नव्हे, आधीची कुठली तरी.

"ताई, हे परत बसवायचं का?" रंगवाला विचारत होता. दादा म्हणाला, "टाक रे, दिवाळीनंतर सरकत्याच बसवणार आहोत." मी पत्र पर्समध्ये ठेवलं आणि त्याला विचारलं, मावशीचे डबे गेले होते का रे परत? त्याने माळ्याकडे बोट केलं. एक पितळी डबा अजून आहे तिथे, काकांचं नाव कोरलेला. त्यात खिळे असतात.