बोटीतला बिछाना आणि भरावाचा कायदा

फेरीबोट कॅलिफोर्नियातल्या सॉसलिटोच्या धक्क्याला लागली तेव्हा ओहोटी सुरू झाली होती. २०२४च्या सप्टेंबरमध्ये मी फ्रीमॉन्टला भाच्याकडे राहायला गेलो होतो. त्याच्या एका निवृत्त सहकाऱ्याने भाड्याचे घर सोडून शिडाच्या बोटीतच मुक्काम हलवल्याचे त्याच्याकडून कळले, तेव्हापासून मला त्या गृहस्थांना भेटायचे होते. सॅन फ्रान्सिस्कोहून पाण्याने अर्ध्या तासाचे अंतर. तेवढ्यात अल्कट्राझ बेट मागे पडते आणि रिचर्डसन बे नावाचा उथळ फाटा समोर येतो.

मरीनाच्या, म्हणजे खाजगी बोटी बांधून ठेवायच्या लहान बंदराच्या, कुंपणाचे दार गृहस्थांनी आतून उघडले. तरंगत्या लाकडी वाटांच्या दोन्ही बाजूंना बोटी बांधलेल्या होत्या, आणि एका बोटीपुरत्या त्या जागेला तिथे स्लिप म्हणतात. त्यांची बोट छत्तीस फुटांची. पायऱ्या उतरून आत गेले की डावीकडे दोन शेगड्या, उजवीकडे नकाशांचे टेबल आणि पुढे निमुळत्या टोकात एक बिछाना. वीज आणि पाणी धक्क्यावरून घेतलेले. आंघोळ आणि कपडे धुणे मात्र किनाऱ्यावरच्या सामायिक इमारतीत. मैल्याची टाकी ठरावीक दिवशी पंपाने रिकामी करून घ्यावी लागते, कारण या खाडीत प्रक्रिया केलेले सांडपाणी सोडण्यासही बंदी आहे. टाकीचा काटा, पंपाचे वेळापत्रक आणि झडपेचे कुलूप हे सर्व त्यांनी मला ज्या काळजीने दाखवले, तिच्यावरून त्यांच्या रोजच्या जगण्याचा भार कशावर आहे, हे मला उमगले.

बोटीत कायम राहायला परवाना लागतो, असे बोलण्यात आले, तेव्हा ‘बोट तुमची, भाडे तुम्ही भरता, मग आत झोपायला परवानगी कशाला?’ असे मी विचारले. त्यांनी दिलेल्या उत्तराने मी थक्क झालो. सॅन फ्रान्सिस्को उपसागरापुरत्या कायद्यात भरावाची जी व्याख्या आहे, तिच्यात माती आणि खांब यांच्याबरोबरच दीर्घकाळ बांधून ठेवलेली तरंगती बांधकामेही येतात, आणि हाउसबोटचा तर त्यात नाव घेऊन उल्लेख आहे. म्हणजे पाण्यावर स्थिरावलेले घर कायद्याच्या दृष्टीने पाण्यात ओतलेल्या मातीच्याच वर्गातले.

मुंबईत वाढलेल्या माणसाला भराव म्हणजे काय, हे सांगावे लागत नाही. आमचे शहरच सात बेटांमधली खाजणे बुजवून झाले, आणि नरिमन पॉइंटच्या इमारती उभ्या राहिल्या त्याच सुमारास या उपसागरावरही तीच वेळ आली होती. बर्कली शहराने भराव घालून आपले क्षेत्रफळ जवळजवळ दुप्पट करण्याचा बेत आखला होता. १९६१मध्ये के कर, सिल्व्हिया मॅकलॉफ्लिन आणि एस्थर ग्युलिक या तिघी त्याविरुद्ध उभ्या राहिल्या, आणि त्या चळवळीतून १९६५मध्ये उपसागर संरक्षण व विकास आयोग स्थापन झाला. आम्हाला अशा तिघी वेळेवर मिळाल्या असत्या तर, हा विचार त्या धक्क्यावर माझ्या मनातून जाईना.

या आयोगाच्या नियमानुसार मरीनातल्या साधारण दहा टक्के बोटींतच कायम वस्ती करता येते. तीनशे स्लिप असल्या तर तीस. तीही रात्री कोणी जागेवर असले म्हणजे चोरी, आग किंवा गळती लवकर लक्षात येते, या कारणासाठी. भरती-ओहोटीखालची जमीन सर्व जनतेची असून ती नौकानयन, व्यापार आणि मासेमारी यांसाठी राखलेली आहे, खाजगी निवासासाठी नाही, हे त्यामागचे तत्त्व मला पटते. पण दहा टक्क्यांच्या बाहेर राहिलेली माणसे नाहीशी होत नाहीत. ती लपून राहतात आणि त्यांना स्नीकअबोर्ड म्हणतात. संध्याकाळी खिडक्या झाकायच्या, पत्रे दुसऱ्याच्या पत्त्यावर मागवायची, आणि टाकी रिकामी करणाऱ्या पंपाची चक्करही लक्षात येईल म्हणून टाळायची. ज्या पाण्याच्या रक्षणासाठी नियम झाला, त्याच पाण्याला अशा लपण्याने धोका पोचतो. म्हणून परवान्यांची संख्या थोडी वाढवून टाकीची तपासणी कडक करावी, असे माझे स्पष्ट मत झाले. आमचे यजमानही परवाना मिळेपर्यंत चार वर्षे प्रतीक्षायादीत होते.

तेथून उत्तरेला वाल्डो पॉइंटची तरंगती घरे दिसतात. दुसऱ्या महायुद्धात इथल्या मरिनशिप गोदीने ९३ जहाजे बांधली. गोदी बंद झाल्यावर मागे उरलेली लाकडे आणि जुन्या नौका यांतून लोकांनी ही वस्ती उभारली. सत्तरच्या दशकात ती हटवण्यावरून मोठा संघर्ष झाला. आज ती घरे नियमित झाली आहेत, पाण्याबरोबर वरखाली होणाऱ्या लवचिक नळांनी सांडपाण्याच्या वाहिनीला जोडली आहेत आणि महागही आहेत.

त्यांच्यापलीकडे उघड्या पाण्यात नांगर टाकून राहणाऱ्यांना मात्र जागा उरलेली नाही. २०१६च्या सुमारास तिथे दोनशेहून अधिक बोटी होत्या. तळाशी ईलग्रास नावाचे समुद्री गवत आहे, ज्याच्यावर हेरिंग मासा अंडी घालतो. वाऱ्याने बोट फिरली की नांगराची साखळी त्या गवतात गोल उघडे चट्टे पाडते. हे नुकसान खरे आहे आणि ते थांबायलाच हवे. आयोगाशी झालेल्या २०२१च्या करारानुसार १५ ऑक्टोबर २०२६पर्यंत सर्व बोटी हटवायच्या आहेत, आणि रहिवाशांना जमिनीवर घर मिळवून देण्याची योजनाही सुरू झाली आहे. पण इतक्या महागड्या प्रदेशात, मदत थांबल्यावर ते घर टिकेल का, या प्रश्नाने मला अस्वस्थ केले.

परतीच्या फेरीबोटीतून त्या नांगरलेल्या बोटींपैकी एक दिसली. डेकवर दोरीला कपडे वाळत होते. किनाऱ्याकडून एक वृद्ध माणूस लहानशी होडी वल्हवत तिच्याकडे निघाला होता, आणि होडीत पिण्याच्या पाण्याचे चार निळे डबे होते. बोटीजवळ पोचल्यावर त्याने एकेक डबा दोन्ही हातांनी उचलून वर ठेवला.