बीदर: मदरसा संध्याकाळी बघू नका

आधी हे सांगून टाकतो. बहमनी वजीर महमूद गवानच्या मदरशातल्या निळ्या टाइल्स बघायच्या तर सकाळी, दार उघडल्या उघडल्या तिथं हजर राहा. मी पोचलो संध्याकाळी पाचला. रिक्षावाला म्हणाला, "आधी अष्टूर, मग किल्ला. मदरसा काय, गावातच आहे." मी ऐकलं. (अष्टूर म्हणजे बहमनी सुलतानांच्या कबरींचं गाव.) मदरशाचं तोंड पूर्वेला! सूर्य मागे गेलेला आणि समोर नुसती काळपट भिंत. वर ह्या उलट्या क्रमाचे त्याने सातशे घेतले, थांबल्याचे वेगळे. अष्टूर बीदरपासून जेमतेम तीन किलोमीटर. बसण्याआधी भाव ठरवा, थांबण्यासकट.

फोटोंनीही फसवलं. त्यांत सगळी इमारत निळी वाटते. १४७२ मध्ये बांधली तेव्हा ती असेलही तशी. पण औरंगजेबाच्या काळात आत बंदुकीची दारू साठवली होती. १६९६ मध्ये तिचा स्फोट झाला आणि दर्शनी भागाचा मोठा तुकडा एका मिनारासकट गेला. उरलेल्या मिनारावर आणि त्याच्या शेजारच्या भिंतीवर काय ते बघायचं.

चिडून मुक्काम वाढवला, सकाळी परत गेलो. काय सांगू! मिनारावर नागमोडी पट्टे, भिंतीच्या माथ्याशी निळ्यावर पांढरी भलीमोठी अरबी अक्षरं, अधूनमधून हिरवा, पिवळा. पाचशे वर्षांचं ऊन खाऊन झिलई अजून ओली वाटते. टाइल गळाली तिथे मात्र नुसता गिलावा. सगळं उंचावर आहे. दुर्बीण नसेल तर मान मोडेल आणि दिसणार काहीच नाही. मोबाइलचा झूम कुचकामी.

किल्ल्यात रंगीन महालाला कुलूप होतं. किल्लीवाला जेवायला गेला म्हणाले, तो तासभर आलाच नाही. काळ्या दगडातलं शिंपल्याचं जडावकाम बघायचं राहिलं. तुम्ही आत शिरतानाच किल्लीची चौकशी करा. तख्तमहालाच्या कमानीवरचा वाघ आणि सूर्य तेवढा शोधून बघा.

अष्टूरला दुसऱ्या अलाउद्दीन अहमदशहाच्या (मृत्यू १४५८) कबरीच्या दर्शनी भिंतीवर थोड्या टाइल्स टिकून आहेत. शेजारी त्याच्या बापाच्या घुमटात रंगकाम आहे, पण आत अंधार. टॉर्च न्या.

एकच सकाळ हाताशी असेल तर सरळ मदरसा गाठा. किल्ला सुटला तरी चालेल.