तुम्ही विचारलंत म्हणून: मधमाश्या नाहीत, मग झाडं फळतात कशी?

कुठंही गोष्ट वाचायला गेले की शेवटी एक हात वर होतोच. वाचनालय असू दे, गणपतीतला कार्यक्रम असू दे, परवा तर खानापूरच्या बसस्टँडवर एका काकूंनी थांबवून विचारलं, "अगं तुझ्या त्या गोष्टीत मधमाश्याच नाहीत म्हणतेस, मग झाडांचं होतंय कसं?" बस आली आणि उत्तर अर्धवट राहिलं, म्हणून आज सगळं एकदाच लिहून टाकते.

ज्यांनी गोष्ट ऐकली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. माझ्या त्या मुलखात वारा बारा महिने पश्चिमेकडून पूर्वेकडं वाहतो, कधीच फिरत नाही, आणि तिथं माश्या, फुलपाखरं, भुंगे काहीच उडत नाही. माश्या का काढल्या याचं खरं कारण लहानपणी जांबोटीजवळच्या आमच्या रानात मला आग्या मोहोळाच्या माश्या चावल्या होत्या आणि तो राग अजून गेलेला नाही, बाकी मोठं तत्त्वज्ञान वगैरे काही नाही त्यात.

पण काढल्या आणि पंचाईत झाली. पहिल्या भागात मी हौसेनं लालभडक, निळी, पिवळी फुलं लिहून बसले होते. वाचून झाल्यावर सातवी-आठवीतला एक पोरगा उठला आणि म्हणाला, "मॅडम, बघायलाच कोण नाही तर रंग कुणासाठी?" मी गप्पच. कारण त्याचं बरोबर होतं की! रंग म्हणजे दुकानाची पाटी. पळस, पांगारा, काटेसावर फेब्रुवारी-मार्चात पानं गाळून लालभडक होतात ते पक्ष्यांनी लांबून बघावं म्हणून, आणि वटवाघळांच्या भरवशावर असलेली झाडं रात्री फुलतात, फिकट आणि उग्र वासाची, कारण अंधारात लाल रंग काय कामाचा. सुरणाच्या फुलाला सडक्या मांसासारखा वास येतो तो मांसावर जगणाऱ्या किड्यांना फसवायला. गिऱ्हाईक तशी पाटी. (पाटी कुठल्या भाषेत यावरनं आमच्या बेळगावात काय काय होतं ते तुम्हाला माहितीच आहे, तो विषय आज नको.) आणि गवत, भात, मका बघा, रंग नाही, वास नाही, मध नाही. वाऱ्याला पाटी वाचता येत नाही.

त्या दिवशी घरी येऊन सगळे रंग खोडले. आता माझ्या मुलखातली फुलं हिरवट-तपकिरी, लोंबणारी, धुळीनं भरलेली. थोडं वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू.

मग मका डोक्यात घेतला, कारण आमच्या जिल्ह्यात मका कुणाला शिकवायला लागत नाही. वर तुरा असतो तो नर, खाली कणसाचे केस ती मादी, आणि त्यातला एकेक केस एकेका दाण्याला जोडलेला असतो. ज्या केसाला पराग लागला नाही तो दाणा भरतच नाही. परसात हौसेनं एकच ओळ लावली की कणीस दात पडल्यासारखं निघतं ते यामुळंच, पराग उडून शेजारच्या बांधापलीकडं गेलेला असतो.

आता हीच गोष्ट एकाच दिशेच्या वाऱ्यात घालून बघा. पराग जाणार फक्त पूर्वेला. पश्चिमेच्या झाडाचं पूर्वेच्या झाडाशी लग्न होऊ शकतं, पण पूर्वेच्या झाडाचा पराग उलटा पश्चिमेला कधीच येणार नाही. आणि बियापण वाऱ्यानंच उडत असतील तर अजून बेकार, दर पिढीला सगळं जंगल थोडं थोडं पूर्वेला सरकत जाणार आणि शेवटी समुद्रात! आमच्याकडं निदान वारं फिरतं तरी, पावसाळ्यात घाटावरनं येतं, थंडीत उलट्या बाजूनं येतं, म्हणून हा घोर आपल्या झाडांना नाही. माझ्या झाडांना होता, आणि मला सुटेना. दोन महिने गोष्ट अडकली.

सुटली ती फणसामुळं. मे महिन्यात रानात फणस पिकला की वास केवढा लांब जातो, आणि अस्वल येतं. आमच्या भागात ही गोष्ट गंमतीची नाही, पण अस्वल येतं कसं बघा, वास वाऱ्याबरोबर येणार म्हणजे वासाचा माग काढणारं जनावर वाऱ्याच्या तोंडाला चालणार. सापडलं! माझ्या मुलखात पिकलेल्या फळाचा वास पूर्वेला जातो, पूर्वेचं जनावर पश्चिमेला चालत येतं, फळ खातं, तेवढ्यात अजून पश्चिमेच्या झाडाचा वास येतो, ते पुढं चालतं, आणि वाटेत कुठंतरी शेण टाकतं. बी पश्चिमेला गेली. पराग वाऱ्यानं पूर्वेला, बी पोटातनं पश्चिमेला, हिशेब जुळला. म्हणजे या मुलखात फुलाला वास नाही पण फळाला भयंकर वास हवा, आणि बीचं कवच असं हवं की जनावराच्या पोटात टिकलं पाहिजे.

एक नदीपण घातली, वाऱ्याच्या उलट वाहणारी. ती कुठनं आली हे खानापूर तालुक्यातल्या माणसाला सांगायला नको, कणकुंबीची मलप्रभा पूर्वेला जाते आणि भीमगडाच्या रानातनं म्हादई पश्चिमेला. मी म्हादईसारखी घेतली. तिच्या पाण्याच्या भांडणात मी पडत नाही, मला फक्त बिया वाहून न्यायच्या होत्या.

"मग उंबर का नाही घातलास?" असं एका मैत्रिणीनं विचारलं. उंबराचं फूल कुणाला दिसत नाही म्हणतात, दिसणार कसं, फुलं त्या फळाच्या आतच असतात. चिलटाएवढी एक गांधीलमाशी बारक्या भोकातनं आत शिरते, शिरताना पंख तुटतात, आत अंडी घालते, पराग देते आणि तिथंच मरते. तिच्या मुली पराग घेऊन बाहेर पडतात, नरांना पंखच नसतात, ते नुसतं बाहेरची वाट पोखरून देतात. एवढं भारी मला स्वतःहून सुचलंच नसतं, म्हणून चोरलं नाही.

राहिलं एक झाड. सगळ्यात पश्चिमेचं. त्याच्या मागं कोणीच नाही, त्याच्यापर्यंत पराग यायचा कुठनं? पहिला विचार रताळ्याचा आला. आमच्याकडं रताळी लावतात ती बी पेरून नाही, वेल तोडून लावतात, आणि एका जातीच्या रताळ्यांची फुलं आपापसात बी धरत नाहीत, म्हणजे अख्खं शेत म्हणजे खरं तर एकच झाड. पश्चिमेची झाडं अशीच करावीत, मुळातनं फुटावीत, हजारो वर्षं तीच ती म्हातारी. चाललं असतं, पण एक रोग आला की सगळी एकदम जाणार.

दुसरा विचार आज्जीचा. श्रावणात पावसाची झड लागली की माश्या उडत नाहीत, तेव्हा ती सकाळी सकाळी इरलं घेऊन परसात जायची, भोपळ्याचं नर फूल तोडायची, पाकळ्या काढायची आणि बुडाशी बारका भोपळा असलेल्या मादी फुलावर हलकेच फिरवायची. दुपारी फूल मिटायच्या आत. पुढं वाचलं की व्हॅनिलाचं असंच झालं होतं, मेक्सिकोबाहेर नेलेले वेल फुलायचे पण फळत नव्हते, आणि 1841 मध्ये रेयुनियन बेटावर एडमंड अल्बियस नावाच्या बारा वर्षांच्या गुलाम मुलानं काडी आणि अंगठा वापरून ते फूल फळवायची रीत दाखवली. आजही जगभर व्हॅनिला हातानंच फळवतात.

तर माझ्या मुलखात एक म्हातारी आहे. ती वर्षातून एकदा पूर्वेच्या झाडांचा पराग फडक्यात बांधून घेते आणि तीन दिवस वाऱ्याच्या तोंडाला चालत पश्चिमेच्या शेवटच्या झाडाकडं जाते, वाटेत फडकं सुटलं की वर्ष वाया, आणि परागामुळं सारखी शिंकत असते. तिला आज्जीचंच नाव देणार होते. आईला वाचून दाखवलं तर म्हणाली, "नाव दे, पण शिंका काढ. आमच्या आईला कधी साधी सर्दी झाली नव्हती."