आमची वाटचाल : जिथे थांबलात, तिथूनच पुढे

आमच्या कंपनीचे उत्पादन एकच आहे: मोबाइलवर पॉडकास्ट ऐकण्याचे ॲप. त्याची नवी आवृत्ती आता श्रोत्यांपर्यंत पोहोचू लागली आहे आणि जाहिरातीत मिरवावी अशी नवी सोय तिच्यात जवळजवळ नाही. तरीही आजवरच्या सर्व आवृत्त्यांपेक्षा अधिक श्रम हिलाच लागले. ऐकणे जिथे थांबले तिथूनच ते पुढे सुरू व्हावे, ही श्रोत्याची सर्वांत साधी अपेक्षा असते. तिच्या आड येणाऱ्या बहुतेक अडचणी आम्ही या खेपेस एकत्र हाती घेतल्या.

आमच्यासारख्या मोजक्या माणसांच्या कंपनीला या क्षेत्रात शिरकाव मिळाला, तो पॉडकास्टचे मूळ तंत्र खुले असल्यामुळे. कार्यक्रमाची आरएसएस फीड, म्हणजे नवे भाग नोंदवत जाणारी त्याची यादी, कोणालाही वाचता येते, तिच्यात प्रत्येक भागाच्या ध्वनिफाइलीचा पत्ता असतो आणि त्या पत्त्यावरून फाइल आणून वाजवण्यासाठी कोणाच्या परवानगीची गरज नसते. ॲपलने जून २००५ मध्ये आयट्यून्सच्या ४.९ या आवृत्तीत पॉडकास्टचा समावेश केला, तेव्हाही पाया हाच होता आणि आजही तोच आहे. २०२४ मध्ये गूगल पॉडकास्ट्स बंद झाले, त्या वेळी अनेक श्रोते आपल्या कार्यक्रमांची यादी ओपीएमएल फाइलीत (अशी यादी एका ॲपमधून दुसऱ्यात नेण्याचा नमुना) घेऊन आमच्याकडे आले. कार्यक्रमांची नावे त्या यादीबरोबर आली. कोणता भाग कुठपर्यंत ऐकून झाला आहे, ही माहिती मात्र अशा यादीत सहसा नसते. या नव्या श्रोत्यांच्या पहिल्या तक्रारी नेमक्या त्याच मुद्द्यावर होत्या आणि पुढील कामाची दिशा बऱ्याच अंशी त्यांनीच ठरवली.

थांबल्याची जागा लक्षात ठेवणे म्हणजे एक आकडा साठवून ठेवणे, असे बाहेरून वाटते. प्रत्यक्षात तो आकडा ज्या फाइलीला लागू होतो ती फाइलच बदलू शकते. अनेक निर्माते आता फाइल मागितली जाते त्या क्षणी तिच्यात जाहिराती गुंफतात. त्यामुळे एकच भाग सकाळी मागवला तर एका लांबीचा आणि रात्री मागवला तर दुसऱ्या लांबीचा मिळू शकतो. श्रोत्याने विसाव्या मिनिटाला ऐकणे थांबवले आणि दुसऱ्या वेळी सुरुवातीची जाहिरात अर्ध्या मिनिटाने लांबली, तर त्याच विसाव्या मिनिटाला आधी ऐकलेले बोलणे पुन्हा कानी पडते. याहून वाईट प्रकार अर्धवट राहिलेल्या डाउनलोडचा. नेटवर्क तुटल्यावर उरलेला तुकडा मागवला आणि दरम्यान सर्व्हरने जाहिराती बदलल्या असतील, तर दोन वेगळ्या फाइलींचे तुकडे एकमेकांना जोडले जातात आणि मध्येच एखादे वाक्य तुटते किंवा दोनदा ऐकू येते. नव्या आवृत्तीत उरलेला भाग मागताना ॲप आधीच्या फाइलीची ओळख, म्हणजे सर्व्हरने दिलेला ईटॅग, सोबत पाठवते. ओळख जुळली तरच पुढचा तुकडा घेतला जातो, अन्यथा संपूर्ण फाइल नव्याने येते. डेटा थोडा अधिक खर्च होतो, हे मान्य. पण तुटकी फाइल स्वस्तात मिळाली तरी तिचा उपयोग काय?

दुसरी अडचण एमपीथ्री फाइलींच्या रचनेत दडलेली आहे. ज्या फाइलींचा बिटरेट, म्हणजे दर सेकंदाच्या ध्वनीसाठी लागणारी माहिती, क्षणोक्षणी बदलतो, त्यांच्यात एखादे मिनिट नेमके कितव्या बाइटवर आहे, हे साध्या भागाकाराने काढता येत नाही. अशा फाइलींच्या आरंभी बहुधा एक छोटे कोष्टक असते, परंतु त्यात संपूर्ण फाइलीसाठी केवळ १०० नोंदी मावतात. दोन तासांच्या भागात याचा अर्थ दर ७२ सेकंदांना एक नोंद असा होतो आणि मधले सगळे अंदाजाने ठरते. काही फाइलींत तर हे कोष्टकच नसते. त्यामुळे तीस सेकंद मागे जाण्याचे बटण दाबल्यावर कधी वीस, तर कधी पन्नास सेकंद मागे गेल्याचा अनुभव येत असे, आणि दोष बटणाला दिला जाई. आता डाउनलोड पूर्ण होताच ॲप फाइलीतील एकेक फ्रेम, म्हणजे ध्वनीचा छोटासा तुकडा, मोजून स्वतःची सूची तयार करते. ४४.१ किलोहर्ट्झच्या ध्वनीत अशी एक फ्रेम सुमारे २६ मिलिसेकंदांची असते, म्हणून उडीची अचूकता कानाला पुरेशी ठरते. डाउनलोड न करता थेट ऐकल्या जाणाऱ्या भागांना हा उपाय लागू होत नाही, कारण तिथे संपूर्ण फाइल हाताशी नसते.

पार्श्वभूमीत चालणाऱ्या ॲपवरील बंधने हा आमच्या वाटचालीतील कायमचा सोबती आहे. अँड्रॉइड ६ ने २०१५ मध्ये फोन निष्क्रिय असताना कामे लांबणीवर टाकण्याची पद्धत आणली, २०१७ च्या अँड्रॉइड ८ ने पार्श्वभूमीतील सेवांना आवर घातला आणि २०२३ च्या अँड्रॉइड १४ पासून अग्रभागी चालणारी सेवा नेमकी कशासाठी आहे, हे आधीच जाहीर करावे लागते. बॅटरीच्या दृष्टीने हे नियम योग्यच आहेत, आणि प्लेअर बनवणाऱ्यांनी त्यांच्या नावाने बोटे मोडण्यात अर्थ नाही. मात्र काही फोन उत्पादक त्यांवर आपली आणखी कडक बंधने लादतात. श्रोता फोनवर बोलण्यासाठी ऐकणे थांबवतो, संभाषण लांबते, तेवढ्यात प्रणाली ॲप बंद करून टाकते आणि परतल्यावर पुढे ऐकायच्या भागांची रांग रिकामी दिसते. आता थांबण्याच्या क्षणीच जागा आणि संपूर्ण रांग साठवली जाते; शिवाय अँड्रॉइड ११ पासून उपलब्ध असलेल्या माध्यम-नियंत्रणांतून, ॲप बंद झालेले असले तरी, तोच भाग पुन्हा सुरू करता येतो.

फीडच्या बाबतीत सर्वाधिक मनस्ताप देणारी गोष्ट म्हणजे भागांची ओळख. प्रत्येक भागाला फीडमध्ये एक कायमस्वरूपी ओळखचिन्ह असावे, असा संकेत आहे. निर्माता आपला कार्यक्रम एका सेवेवरून दुसरीकडे हलवतो, तेव्हा ही चिन्हे काही वेळा बदलतात आणि कित्येक वर्षांपूर्वीचे भाग एका रात्रीत नवे होऊन श्रोत्यासमोर येतात. आता चिन्ह जुळले नाही, तर ॲप शीर्षक, प्रसिद्धीची तारीख आणि कालावधी ताडून पाहते. शंका उरल्यास भाग लपवला जात नाही, फक्त त्याची सूचना पाठवली जात नाही आणि तो आपोआप डाउनलोड होत नाही. अनावश्यक भाग एखाद्या वेळी दिसला तरी चालेल, खरोखर नवा भाग दडून राहता कामा नये, असा आमचा निर्णय आहे.

सार्वजनिक फीड आमचा सर्व्हर तपासतो आणि काही बदल नसल्यास त्याला केवळ ३०४, म्हणजे ‘बदल नाही’, हे छोटे उत्तर मिळते, त्यामुळे श्रोत्याची बॅटरी आणि आमचा खर्च दोन्ही आटोक्यात राहतात. सशुल्क कार्यक्रमांच्या खासगी फीड मात्र फोनवरूनच तपासल्या जातात. त्यांचा पत्ता हीच त्यांची किल्ली असते आणि इतरांच्या किल्ल्या आपल्याकडे जमा करून ठेवण्याची आमची इच्छा नाही. त्यामुळे अशा कार्यक्रमांचे नवे भाग थोडे उशिरा दिसतात.

आवाजाविषयी थोडक्यात सांगायचे, तर कार्यक्रमागणिक आवाजाची पातळी कमी-जास्त होऊ नये म्हणून सर्व भाग आता उणे १६ लफ्सच्या (कानाला जाणवणारी आवाजाची पातळी मोजण्याचे एकक) आसपास आणले जातात. बोलण्यातील शांतता वगळण्याची सोय आता तो विराम समूळ छाटत नाही, तर आखूड करते. कथाकथनात आणि मुलाखतीत विराम हा बोलण्याचाच भाग असतो आणि तो संपूर्ण गेला की वक्ता धापा टाकत असल्यासारखा वाटतो. दीडपट वेगाने ऐकणाऱ्यांना एका तासाच्या भागासाठी उरलेला वेळ आता ४० मिनिटे असाच दिसेल.

दृष्टिहीन श्रोत्यांनी सुचवलेल्या दुरुस्त्या या आवृत्तीत आवर्जून घेतल्या आहेत. टॉकबॅक, म्हणजे पडद्यावरील मजकूर बोलून दाखवणारी अँड्रॉइडची सोय, चालू असताना सरकपट्टी पूर्वी टक्केवारी उच्चारत असे. आता ती मिनिटे आणि सेकंद सांगते. रांगेतील भागांचा क्रम बदलण्यासाठी ओढून नेण्याखेरीज वर न्या, खाली न्या असे स्वतंत्र पर्यायही मिळाले आहेत. हा बदल डोळसांनाही इतका सोयीचा ठरला की आम्ही तो सर्वांसाठी खुला ठेवला.

आमचे उत्पन्न श्रोत्यांच्या वार्षिक वर्गणीतून येते. पहिल्या पडद्यावर शिफारशी दाखवाव्यात आणि त्या जागेचे पैसे घ्यावेत, असा सल्ला आम्हाला वारंवार मिळतो. तो आम्ही स्वीकारलेला नाही, कारण ॲप उघडणाऱ्या माणसाला बहुधा आपला अर्धवट राहिलेला भाग हवा असतो आणि त्याच्या व प्ले बटणाच्या मध्ये येणारी प्रत्येक गोष्ट त्याला अडथळाच वाटते.

नवी आवृत्ती टप्प्याटप्प्याने दिली जात आहे, जेणेकरून एखाद्या विशिष्ट फोनवर काही बिघडल्यास वितरण तिथेच थांबवता येईल. फोन आणि टॅबलेट या दोन्हींवर तोच भाग वेगवेगळ्या जाहिरातींसह उतरला असेल, तर दोन्हींवरील जागा जुळवण्याचा प्रश्न अद्याप सुटलेला नाही. थांबल्याच्या जागेभोवतीच्या काही सेकंदांचा ध्वनिठसा घेऊन तो दुसऱ्या फाइलीत शोधण्याचा मार्ग आम्ही सध्या तपासत आहोत. चाचणीत तो चालतो, परंतु जुन्या फोनवर त्यासाठी लागणारी बॅटरी अजून परवडण्याजोगी नाही, म्हणून तो या अपडेटमधून वगळला आहे.