देव नाही, मग बाख कसा?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो, नाहीतर या विषयावर मी हल्ली गप्प बसायला शिकलो आहे. विचारणारे दोन प्रकारचे. एक, माझ्यासोबत वर्षानुवर्षं बुवाबाजीविरोधात सभा घेतलेले मित्र: "तू देव मानत नाहीस, मग हा बाख, चर्चचा जर्मन संगीतकार, रोज कशाला ऐकतोस?" दुसरे नातेवाईक: "आरती चालत नाही तुला, आणि हे चालतं?" प्रश्न एकच. पहिल्यांच्या आवाजात संशय असतो, दुसऱ्यांच्या आवाजात 'आता कसा सापडलास' असा आनंद.

भीमसेन जोशींचे अभंग लावले की मात्र कुणाची हरकत नसते. मित्रांकडे त्याचं कारण तयार आहे: संत बंडखोर होते, म्हणजे आपलेच. असू दे. बाखच्या बाबतीत ती सोय नाही. १७२३ पासून १७५० साली मरेपर्यंत तो लायप्झिगच्या नगरपरिषदेचा नोकर होता. भांडला भरपूर, पण ती भांडणं पैशांची, अधिकारांची, गाणाऱ्या पोरांच्या कुवतीची. धर्माच्या शिकवणीशी त्याचं वाकडं नव्हतं. त्याला ओढूनताणून आपल्या मांडवात आणून बसवायचा माझा विचार नाही.

पूर्वी माझं उत्तर ठरलेलं होतं. शब्द बाजूला ठेवा, मी स्वर ऐकतो. आणि हे नुसतं म्हणायचो नाही, पुरावा द्यायचो. ५ सप्टेंबर १७३३ ला सॅक्सनीच्या युवराजाचा अकरावा वाढदिवस होता. त्यासाठी बाखनं एक नाट्यमय कॅन्टाटा, म्हणजे गायक आणि वाद्यांसाठीची अनेक भागांची रचना, लिहिला. त्यात तरुण हर्क्युलस दोन वाटांच्या फाट्यावर उभा आहे आणि विलासिनी त्याला भुलवायला अंगाई गाते: झोप रे, माझ्या लाडक्या, सुख भोग. पुढच्या वर्षीच्या नाताळात बाखनं तीच अंगाई उचलली आणि 'ख्रिसमस ऑरेटोरिओ' या नाताळाच्या मोठ्या गायनरचनेत गोठ्यातल्या बाळ येशूला घातली. ऑरेटोरिओच्या सुरुवातीचे दणदणीत नगारेही असेच, आधी राणीच्या वाढदिवसाला वाजलेले. मी सभेतल्यासारखा हात वर करून विचारायचो: मोहाचं गाणं आणि देवबाळाचं गाणं एकच असेल, तर त्या स्वरांत धर्म कुठे आहे, दाखवा.

समोरचे गप्प व्हायचे. मलाही बरं वाटायचं.

पण त्या काळच्या मला आज दोन गोष्टी ऐकवाव्याशा वाटतात. एक म्हणजे ही ने-आण जवळजवळ नेहमी एकाच दिशेनं झाली आहे. दरबाराचं संगीत चर्चमध्ये गेलं, चर्चचं दरबारात गेल्याचं फारसं दिसत नाही. यावर तू लगेच म्हणशील की हा नुसता व्यवहार झाला, युवराजाचा अकरावा वाढदिवस एकदाच येतो आणि नाताळ दरवर्षी. बरोबर आहे. चांगला माल एकदाच वापरून टाकून देणारा हा माणूस नव्हता. पण मग तुझा पुरावाही व्यवहाराचाच उरतो, त्यातून स्वरांची निधर्मिता सिद्ध होत नाही.

दुसरी गोष्ट जास्त टोचणारी आहे. १७२४ च्या गुड फ्रायडेला लायप्झिगमध्ये पहिल्यांदा झालेलं 'सेंट जॉन पॅशन' घे, म्हणजे योहानाच्या शुभवर्तमानातली येशूच्या छळाची आणि मरणाची गायलेली कथा. त्यातला सगळ्यात थरारक भाग कुठला? जमाव ओरडतो तो. याला सुळावर चढवा, असं म्हणणारा तो जमाव त्या शुभवर्तमानात 'यहुदी' म्हणून येतो, आणि बाखनं त्यांच्या तोंडी असं संगीत दिलंय की अंगावर काटा येतो. शब्द बाजूला ठेवायचे असतील तर हेही ठेवावे लागतील. जर्मनीत पुढे जे घडलं ते माहीत असलेल्या माणसानं ते खुशाल बाजूला ठेवून 'वा, काय फ्यूग आहे', एकामागून एक आवाज तीच चाल कशी उचलतात, असं म्हणायचं? एरवी पोथीतल्या प्रत्येक ओळीचा जाब मागणारे आपण इथे एकदम सुरांचे शौकीन होतो, हे मला खटकायला लागलं. तरीही मी ते पॅशन ऐकतो. या खटकण्याचं काय करायचं ते मला ठरवता आलेलं नाही.

आता आईचं. तुमच्यापैकी निम्म्यांचा प्रश्न खरं तर तिथूनच निघतो, म्हणून आडपडदा ठेवत नाही.

आई देवभोळी नव्हती, पण देव होता तिला. देवघर, एकादशी, संध्याकाळचा दिवा. माझ्या कामाची तिला लाज नव्हती आणि कौतुकही नव्हतं. शेवटची दोनेक वर्षं ती माझ्याकडे होती आणि माझ्या खोलीतलं संगीत तिच्या खोलीत आपसूक पोचायचं. एक कॅन्टाटा तिला ओळखू यायला लागला होता, बाखचा ८२ वा. बास, म्हणजे खर्जातल्या आवाजाचा एकच गायक, सोबत ओबो हे फुंकवाद्य. एकदा विचारलं, "हा इतका काकुळतीला का आलाय?"

मी गोष्ट सांगितली. जेरुसलेमच्या मंदिरात शिमोन नावाचा म्हातारा असतो. तारणहार बघितल्याशिवाय तुला मरण नाही, असं त्याला सांगितलेलं असतं. येशूचे आईबाप बाळाला घेऊन येतात, म्हातारा ते बाळ हातात घेतो आणि म्हणतो, झालं, आता मी जायला मोकळा.

"म्हणजे नातवाचं तोंड बघून डोळे मिटले," आई म्हणाली.

"नातू नव्हता गं तो त्याचा."

"तेच ते."

माझ्यामागे काय करायचं, असा विषय तिनं एकदाच काढला. आम्ही दोघं भावंडं समोर होतो. "तुम्ही बघा काय ते. मला थोडंच कळणार आहे?" या वाक्याचा मी घेतलेला अर्थ वेगळा, बहिणीनं घेतलेला वेगळा. मला ती परवानगी वाटली. बहिणीला वाटलं, आईनं भार आमच्या चांगुलपणावर टाकला. आई गेली तेव्हा मी थोरला म्हणून माझा अर्थ चालला. भटजी नाही, मंत्र नाही, पिंड नाही. बहीण म्हणाली, निदान दहावा कर, कावळ्याला घास तरी ठेव. मी नाही म्हणालो. ती भांडली नाही. तिनं भांडायला हवं होतं असं मला नंतर वाटत राहिलं.

त्याच आठवड्यातल्या एका रात्री, पाहुणे बाहेरच्या खोलीत झोपलेले असताना, मी तोच कॅन्टाटा लावला. आवाज अगदी बारीक. पहिला आरिया, म्हणजे एकट्या गायकाचं गाणं, संपला आणि मधला सुरू झाला. थकलेल्या डोळ्यांनो, आता शांत मिटा, असं तो गायक म्हणतो. ही चाल बाखच्या घरातही गायली जात असणार, कारण त्याच्या बायकोच्या, ॲना माग्दालेनाच्या वहीत ती उतरवलेली आहे. हा कॅन्टाटा पहिल्यांदा झाला २ फेब्रुवारी १७२७ ला. त्याच्या आधीच्या उन्हाळ्यात या दोघांची तीन वर्षांची मुलगी गेली होती. बाखच्या वीस मुलांपैकी दहा लहानपणीच गेली, म्हणून प्रत्येक रचनेमागे एखादं मरण शोधायची खोड मला आवडत नाही. त्या रात्री मी ते शोधत होतो. मधल्या आरियात संगीत पुन्हा पुन्हा थबकतं, आता झोप लागली असं वाटतं, आणि ओबो नसलेल्या त्या नुसत्या तंतुवाद्यांवर आवाज परत वर येतो. मी स्वर ऐकत होतो, असं आता म्हणालो तर ती थाप होईल. भाषांतरं वाचून वाचून मला त्या ओळी पाठ आहेत. डोळे कुणाचे, ते मला माहीत होतं.

बहीण दारात उभी होती. कधी आली कळलं नाही. पुढचा आरिया वेगवान आहे, जवळजवळ नाचरा, आणि त्याचे शब्द असे की मी माझ्या मरणाची आनंदानं वाट बघतोय. तो संपेपर्यंत ती थांबली आणि म्हणाली, "आईसाठी भटजी नको झाला तुला. स्वतःसाठी पाद्री बरा चालतो."

मी काय बोललो असेन? म्हणालो, बाख पाद्री नव्हता. एवढंच सुचलं.

वस्तुस्थिती म्हणून ते खरंच होतं. तो कॅन्टर, सेंट थॉमसच्या शाळेतला संगीतशिक्षक आणि शहरातल्या मुख्य चर्चांच्या संगीताचा जबाबदार माणूस. मयतीचा उल्लेख निघालाच आहे तर हेही सांगतो: १७३० च्या ऑक्टोबरात त्यानं दान्झिगमधल्या आपल्या जुन्या शाळूसोबत्याला, गेओर्ग एर्डमानला, दुसरी नोकरी बघ म्हणून पत्र लिहिलं. त्यात हिशेब आहे. वर्षाला सुमारे ७०० थालर (तिथली तेव्हाची चांदीची नाणी) सुटतात. नेहमीपेक्षा जास्त माणसं मेली तर मिळकत वाढते, हवा चांगली असली की घटते. गेल्या वर्षी हवा इतकी चांगली होती की अंत्यविधींच्या मानधनात १०० थालरांहून जास्त खोट आली. हे पत्र मला कुठल्याही स्तोत्रापेक्षा जवळचं वाटतं. शहर निरोगी राहिलं म्हणून कुरकुरणारा सात पोरांचा बाप! बहिणीला हे सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, मग भटजी काय वेगळं करतात? आणि मला उत्तर देता आलं नसतं.

या पत्राच्या आधारावर बाखला नुसता पोटार्थी ठरवायचा मोह मला झालेला आहे. १९५० च्या दशकाच्या शेवटी अभ्यासकांनी कागद आणि हस्ताक्षरं तपासून दाखवलं की बहुतेक चर्च कॅन्टाटे लायप्झिगच्या पहिल्या काही वर्षांतच झपाट्यानं लिहिले गेले. त्यावरून १९६२ मध्ये फ्रीडरिश ब्लुमं या जर्मन संगीतशास्त्रज्ञानं मांडलं की चर्चची ओढ वगैरे पुढच्यांनी रचलेली कथा आहे. माझ्यासारख्याला आयतंच घबाड. पण बाखकडे एक तीन खंडांचं सटीप बायबल होतं, त्यावर त्याची सही आणि १७३३ साल आहे. ते १९३४ मध्ये अमेरिकेत, मिशिगनमधल्या एका शेतकऱ्याच्या घरी सापडलं. समासात बाखच्या हातच्या नोंदी आहेत. मंदिरात वाद्यं आणि गायक एकसुरात गाऊ लागले आणि मंदिर मेघानं भरून गेलं, अशा एका जागेजवळ त्यानं लिहिलंय की भक्तिभावाच्या संगीतात देव आपल्या कृपेसह कायम हजर असतो. ही टीप कुणाला दाखवायला लिहिलेली नाही, तिचे पैसेही मिळणार नव्हते. ती वाचल्यावर पोटार्थी बाख माझ्या हातून निसटतो.

तर मित्रांनो, तुम्हाला हवं तसं उत्तर माझ्याकडे नाही. मी बाटलेलो नाही. मला देव आहे असं वाटत नाही, त्या रात्रीही वाटलं नाही. पण देव आहे असं ज्याला शंभर टक्के वाटत होतं, त्याच्या त्या वाटण्यातूनच आलेलं काहीतरी मी आईसाठी वापरलं, आणि आईचं स्वतःचं होतं ते वापरू दिलं नाही. असं मांडलं की ते वाईट दिसतं. दुसऱ्या बाजूनं, न पटणारे मंत्र मी तोंडदेखले म्हटले असते तर ते आईला आवडलं असतं का? तिला ढोंग लगेच कळायचं. पुन्हा वेळ आली तर मी हेच करीन. बहुतेक करीन.

आणि नातेवाईकांनो, 'आपलं सोडून परक्याचं' हे बंद करा. आपलं मी सोडलं ते बाखमुळे नाही. बाख त्यानंतर बऱ्याच वर्षांनी आला.

वर्षश्राद्ध बहिणीनं तिच्या घरी घातलं. तिनं बोलावलं नव्हतं, मी गेलो. खीर, वडे, आमसुलाची चटणी, सगळं होतं. जेवलो, दुसऱ्यांदा खीर मागून घेतली. तिनं वाढली. ही बातमी चळवळीतल्या मित्रांपर्यंत पोचली आहे, तेव्हा पुढचा प्रश्न कुठला येणार ते मला ठाऊक आहे. त्यावर आत्ता काही विचारू नका.