सूर कुठे थांबतो

श्रावण, रविवार रात्र

आमच्या बँडच्या सरावाचं रेकॉर्डिंग ऐकलं आणि नंतर दुसरं काही सुचलं नाही. आधी मोबाइलवरच ऐकलं होतं, तेव्हा सगळं ठीक वाटलं. वाटणारच. माझ्या बेस गिटारच्या चार तारा जाडीच्या क्रमाने ई, ए, डी, जी. त्यातली सगळ्यात जाड, ई, मोकळी वाजवली की सेकंदाला ४१ कंपनं होतात. एवढा खालचा सूर मोबाइलच्या इवल्याशा स्पीकरला पेलत नाही. ऐकू येतात ते त्याचे वरचे स्वर, खालचा आपला मेंदूच भरून घेतो. मग हेडफोन लावले. सूर बरोबर होते, ठोक्यावरही पडत होते. पण प्रत्येक सूर पुढच्याच्या अंगावर रेलून उभा होता. मी ए तारेवरून डी तारेवर गेले तरी ए मागे घुमतच राहिलेली. लय कुठे ढळली नव्हती, तरी गाणं जड झालं होतं, न पिळता वाळत घातलेल्या चादरीसारखं.

गेली चार वर्षं मी सूर कधी सुरू करायचा एवढंच शिकत आले. तो कुठे थांबवायचा हा प्रश्न मला कुणी विचारला नाही, मीही स्वतःला विचारला नाही.

सोमवार

गणपती जवळ आले. घरापासून थोड्या अंतरावरच्या मैदानात संध्याकाळी ढोलपथकाचा सराव सुरू झालाय. खिडक्या लावून घेतल्या तरी ढोल आत येतो, ताशा येत नाही. भिंती वरचे सूर अडवतात आणि खालचे जाऊ देतात. म्हणूनच मी घरी हेडफोन लावून वाजवते, नाहीतर खालच्या मजल्यावरच्या आजींच्या छतातून माझी ई तार उतरेल.

नाशिकचा ढोल लहानपणापासून कानावर आहे. आज गॅलरीत उभी राहून फक्त दोन ठोक्यांच्या मधली जागा ऐकत राहिले. इतके ढोल एकदम पडतात, तरी चाल स्वच्छ ऐकू येते, कारण पडलेला ठोका विरतो आणि पुढच्याला जागा करून देतो. ढोलाला हे काम चामडंच करून देतं. माझी तार मात्र मी थांबवल्याशिवाय थांबत नाही.

बुधवार

दोन रात्री फक्त सूर मिटवायचा रियाज केला. एकही गाणं नाही.

डाव्या हाताचं आधी. सूर संपवताना बोट उचलायचं नाही, नुसता दाब सोडायचा. तार फ्रेटपासून, म्हणजे मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्टीपासून, सुटते, बोट तिच्यावरच राहतं, सूर मिटतो. बोट पूर्ण उचललं की मोकळी तार बोलते, आणि माझ्या रेकॉर्डिंगमधला निम्मा गोंधळ तोच होता. पाचव्या, सातव्या आणि बाराव्या फ्रेटवर आणखी एक अडचण आहे. तिथे एकच बोट हलकं ठेवलं तर घंटेसारखा बारीक सूर मागे उरतो. म्हणून शेजारचं बोटही तारेवर टेकवायचं.

उजवा हात अवघड निघाला. माझा अंगठा पिकअपवर, म्हणजे तारांखालच्या आवाज टिपणाऱ्या पट्टीवर, कायमचा मुक्काम करून असतो. त्याला आता बोटांबरोबर फिरायला लावलंय: डी वाजवताना अंगठा ए तारेवर, जी वाजवताना डीवर, आणि त्याची कड मागच्या तारांना टेकलेली. जाड तारेकडून बारीक तारेकडे जाताना एवढं पुरतं. उलट येताना, म्हणजे जीवरून डीवर, मागे राहिलेली जी डाव्या हाताच्या बोटांनी आडवं पडून झाकावी लागते. माझ्या करंगळीला हे अजून जमत नाही.

ठोके देणारा मेट्रोनोम मिनिटाला ६० वर ठेवते. एकच सूर घेते. आधी पूर्ण मात्राभर धरायचा, मग अर्धी मात्रा, मग पाव. सुरुवात जागची हलवायची नाही, शेवट तेवढा अलीकडे आणायचा. दहा मिनिटांत खांदे भरून आले, इतकं लक्ष लागतं याला.

शुक्रवार

आज एक जुनी गोष्ट आठवली आणि सगळं जागेवर बसलं.

लहानपणी पंचवटीत पेटी शिकायला जायचे. बाई पेटीला हात लावू देण्याआधी हातावर ताल धरायला लावायच्या. टाळी, बोटं, टाळी, बोटं, मग खाली, हात हवेत. तेव्हा खाली म्हणजे मला सुट्टी वाटायची. आज रिक्षात बसून तीनताल मनात म्हणत होते. धा धिं धिं धा, धा धिं धिं धा, धा तिं तिं ता, ता धिं धिं धा. सोळा मात्रांपैकी ‘तिं तिं ता ता’ या चार मात्रांत डग्गा गप्प असतो. दहाव्या मात्रेपासून तेराव्यापर्यंत खालचा सूर तालातून निघून जातो, आणि तो नाही यावरूनच गाणाऱ्याला कळतं की आपण आवर्तनात कुठे आहोत. चौदाव्या मात्रेला डग्गा परत येतो तेव्हा सम जवळ आल्याचं पोटात जाणवतं.

म्हणजे हे मला बाईंनी शिकवलेलं होतं. मी वाद्य बदललं आणि ते तिथेच ठेवून आले. बेसवर मी प्रत्येक मात्रा भरत बसले, कारण रिकामी मात्रा म्हणजे काहीतरी चुकलंय असं वाटायचं.

घरी येऊन मेट्रोनोम ४० वर आणला आणि त्याचा ठोका दुसरी-चौथी मात्रा मानून वाजवलं. गाणं ८० च्या लयीत चालतं, पण पहिली मात्रा कुणी हातात देत नाही, आपली आपण धरायची. ते स्थिर झाल्यावर २० वर. आता चार मात्रांत एकच ठोका. पहिल्या प्रयत्नात मी दरवेळी ठोक्याच्या आधी पोहोचत होते. घाई नेमकी कुठे होते तेही सापडलं: जिथे मी सूर लवकर मिटवते तिथेच. शांतता लांब वाटते, म्हणून हात पुढे धावतो. मात्रा तोंडाने मोजली की थांबतो. बाईंचं मोजणंच परत कामाला आलं.

रविवार

सराव रद्द. गंगापूर धरणातून पाणी सोडलंय, गोदेचं पाणी नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेला टेकलंय, आमचा ड्रमर पलीकडच्या काठावर. पावसाळ्यात बेसची मानही वाकते. लाकूड दमटपणा ओढतं आणि तारांची उंची बदलते. आज पाहिलं तर बाराव्या फ्रेटपाशी तार चांगलीच वर आली होती. मानेतली वाक काढायची सळई, ट्रस रॉड, पाव फेरा, त्याहून जास्त एका दिवसात नाही, मग रात्रभर तसंच ठेवायचं.

मोकळा दिवस मिळाला म्हणून जेम्स जेमरसनचं वाजवणं पुन्हा लक्ष देऊन ऐकलं. डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीच्या १९६० च्या दशकातल्या कितीतरी गाण्यांत बेस त्याचा आहे, आणि तो उजव्या हाताची फक्त तर्जनी वापरायचा. मी दोन बोटं की तीन, यावर कितीतरी संध्याकाळी घालवल्या आहेत. त्याच्या फेंडर प्रिसिजन बेसच्या ब्रिजवरच्या, म्हणजे तारा जिथे अडकवतात तिथल्या, झाकणाखाली स्पंज असायचा. तो तारांना टेकून सूर आखूड करायचा. मी भांडी घासायच्या नव्या स्पंजची पट्टी कापून ब्रिजपाशी तारांखाली सरकवली. सूर एकदम गोल आणि आटोपशीर झाला. पण दोन गाण्यांनंतर काढून ठेवली. माझ्या बोटांना हे यायला हवंय, ते आल्यावर स्पंज लावीन.

डाव्या मनगटाचंही इथे लिहून ठेवते. ३४ इंची बेसवर पहिल्या फ्रेटपासून चौथ्यापर्यंत सुमारे १३ सेंटिमीटर अंतर आहे. चार बोटं तिथे ताणून धरायचा हट्ट मी वर्षभर केला आणि मनगट दुखवून घेतलं. उभा डबल बेस वाजवणारे खालच्या भागात तर्जनी, मधलं आणि करंगळी वापरतात. अनामिका करंगळीला जोर देते. तीन फ्रेट घ्यायचे आणि हात सरकवायचा. पाचव्या फ्रेटच्या पुढे चार बोटं सुखाने बसतात. दुखत असेल त्यांनी आजच हे करून पाहावं, वर्ष घालवू नये.

पुढचा रविवार

सराव झाला. आधी ड्रमरला सांगितलं, “आज तुझी किक, पायाचा मोठा ड्रम, जिथे पडेल तिथे माझा सूर सुरू आणि स्नेअर, तो कडक आवाजाचा ड्रम, पडेल तिथे बंद. बाकी काही वाजवणार नाही.” गाणाऱ्या दोघांना ते फार रिकामं वाटेल अशी भीती वाटत होती. मूळ सूर, कधी पंचम, कॉर्ड बदलायच्या आधी अर्ध्या सुराने खालून येणारा एखादा सूर, बस.

दुसऱ्या कडव्यानंतर ड्रमर म्हणाला, “ताई, आज माझा स्नेअर मलाच नीट ऐकू येतोय.” मग गायिका म्हणाली की तिला श्वास घ्यायला जागा सापडतेय. गाणं तेच, लय तीच.

मिसळ खाताना रेकॉर्डिंग एकाच हेडफोनमध्ये आळीपाळीने ऐकलं. सूर आता वेगवेगळे उभे आहेत. करंगळी अजून जी तारेवर नीट झोपत नाही, दोन ठिकाणी ती तार मागे वाजलीय. आणि हॉल घुमतो. माझा ॲम्प, म्हणजे बेसचा स्पीकर, कोपऱ्यात असतो, दोन भिंती मिळून खालचा आवाज फुगवतात, मग मी सूर मिटवला तरी खोली तो धरून ठेवते. पुढच्या वेळी ॲम्पवरची बेसची, म्हणजे खालच्या सुरांची, कळ थोडी कमी, मिडची, म्हणजे मधल्या सुरांची, थोडी वर. आणि अर्धा तास आधी जाऊन ॲम्प कोपऱ्यातून बाहेर ओढायचा. हॉलची किल्ली कुणाकडे आहे ते उद्या विचारते.